संध्याकाळची स्तुती

सोमवारी सकाळी सव्वाआठला कुरुविळाची थोरली बहीण ब्रिजितचेची न्हाणीघरात त्याच्या हातून निसटली. पडली म्हणावं तर पडली नाही. साबणाने निसरडा झालेला तिचा दंड त्याच्या पंजातून हळूच सरकला, त्याच क्षणी त्याच्या कमरेत काहीतरी कट् झालं, आणि दोघं एकमेकांना धरूनच भिंतीला पाठ घासत खाली ओल्या फरशीवर जाऊन बसली. लागलं कुणालाच नाही. पण उठताही कुणाला येईना. लीलाम्मा, त्याची बायको, चर्चला गेलेली. फोन बाहेर टेबलावर. नळ थेंब थेंब गळत होता आणि तो दुरुस्त करायचं आपण ओणमपासून पुढे ढकलतोय हे कुरुविळाला त्या अवस्थेतही आठवलं. चेची ऐंशी वर्षांची, तो सदुसष्टचा. त्याने टॉवेल ओढून तिच्या अंगावर टाकला आणि तोंड फिरवून बसला. चाळीस मिनिटं. मधेच ती म्हणाली, "डॉक्टर, तुमचे कपडे भिजले." थोड्या वेळाने म्हणाली, "दूध किती घेऊ आज?" अलीकडे तो तिच्यासाठी दिवसातून तीन-चार जण तरी असायचा. कधी डॉक्टर, कधी दूधवाला, कधी अप्पन, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी वारलेले त्यांचे वडील. तिचा मोनिच्चन, तिने न्हाऊ-माखू घालून वाढवलेला धाकटा भाऊ, तेवढा क्वचित असायचा. शेवटी लीलाम्मा आली, किंचाळली, खालचा वॉचमन धावत आला आणि त्याने चेचीला भरली बादली उचलावी तसं उचलून पलंगावर नेऊन ठेवलं. कुरुविळाला उठवायला मात्र दोन माणसं लागली.

डॉक्टर सरळ बोलले. परत असं वजन उचललंत तर पाय लुळे पडतील, मग तुमच्यासाठी कोण माणूस ठेवणार? लीलाम्माचे गुडघे तर केव्हाच गेलेले. घरी ठेवायला आणलेल्या बायका वर्षभरात तीन येऊन तीन गेल्या. तिसरीने जाताना चेचीबद्दल 'म्हातारी चावते' असं शेजाऱ्यांना सांगितलं, आणि ते खरं होतं. मेलबर्नहून मुलाचा, जोजीचा, फोन आला. "अप्पच्चा, तुम्ही भावनेने विचार करताय. मी तुम्हाला एक यादी पाठवतो. पन्नास प्रश्न आहेत. प्रत्येक ठिकाणी जायचं, प्रश्न विचारायचे, गुण द्यायचे. ज्याला जास्त गुण, तिथे चेची-आम्माला ठेवायचं. सोपं आहे." पोरगा वाईट नाही. त्याला इथला वास येत नाही एवढंच. कुरुविळाने यादी छापून घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि मनात म्हणाला, मला शिकवतोस होय रे गुण द्यायला?

कारण अडतीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं? कोट्टयमच्या बाजारातल्या रबराच्या पेढीवर तो शीट पारखायचा. मळेवाले गठ्ठा आणून टाकत. वरची चार शीटं मधासारखी पिवळी, खालची चार तशीच, आणि मधे भरलेला सगळा माल बुरशीचा, बुडबुड्यांचा, सालीच्या कुसांचा. हा सगळ्यांचा ठरलेला डाव. कुरुविळा वरच्याला हात लावायचा नाही, खालच्याला लावायचा नाही. गठ्ठ्याच्या पोटात हात घालून मधली शीट ओढायचा आणि दारातल्या उजेडासमोर धरायचा. उजेड खोटं बोलत नाही. मळेवाले हसत हसत शिव्या द्यायचे, "अच्चाया, बायकोचंही तोंड असंच उजेडात धरून बघितलं होतं काय?" पण त्याने दिलेला दर्जा कुणी फिरवला नाही. आणि ही नजर त्याला कुणी दिली होती? चेचीनेच. आई वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ती सतराची. घरामागच्या दीड एकरात झाडं. पहाटे चीक गोळा करायचा, पसरट भांड्यांत आंबटाचं पाणी घालून घट्ट करायचा, मग त्या थुलथुलीत वड्या हाताच्या रोलरमधून काढायच्या. ती वडी सरकवायची आणि तो चाक फिरवायचा. सहा वर्षांचा होता. एकदा, मस्ती म्हणून, ती 'थांब' म्हणत असताना त्याने चाक आणखी अर्धा फेरा फिरवलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चपटी झाली ती झालीच. अप्पनने विचारलं तेव्हा ती म्हणाली, चाक आपोआप घसरलं. पुढे तिला बघायला दोन ठिकाणची माणसं आली, चहा प्यायली, हाताकडे बघितलं आणि गेली. चेचीने कधी ब्र काढला नाही. साठ वर्षांत एकदाही नाही. कधी तरी काढला असता तर बरं झालं असतं, असं कुरुविळाला आता या वयात वाटू लागलं होतं.

पहिलं ठिकाण गावाबाहेरचं, नवंकोरं. दारात माशांची काचपेटी, आत थंडगार हवा, आणि स्वागताला बसलेली मुलगी 'आमचे पाहुणे, आमचे पाहुणे' म्हणत होती. पाहुणे ओळीने खुर्च्यांवर बसवलेले, सगळ्यांना धुतलेले कपडे, सगळ्यांना पावडर. वरची शीट, कुरुविळा मनात म्हणाला. शौचालय बघायचंय म्हणून तो आतल्या बाजूला वळला तर तिथल्या खोल्यांत पलंगांना दोरे बांधलेले होते. "पडू नयेत म्हणून," मुलगी म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी दोरे नव्हते, पण पाण्याचे पेले पलंगापासून चार हात दूर खिडकीत मांडून ठेवलेले. तहान लागली की यांनी काय करायचं? आणि नखं. त्याने प्रत्येकाची नखं बघितली. नखं वाढलेली असली की समजावं, इथे माणसाचा हात कुणी हातात घेत नाही. पन्नास प्रश्नांत नखं कुठे नव्हती. लीलाम्मा म्हणाली, "तुम्हाला कुठलंच पसंत पडणार नाही. तुम्ही नापास करायलाच जाताय." ती खोटं बोलत नव्हती. प्रत्येक ठिकाण नापास झालं की त्याला आतून हलकं वाटायचं, आणि घरी येऊन चेचीला खुर्चीतून उठवायला गेलं की कमरेतून कळ डोक्यात जायची. मग दोन्ही एकदमच, हलकं वाटल्याची लाज आणि कळ.

तिसरं ठिकाण पाला गावाच्या वाटेवर, टेकडीवर, ख्रिस्ती नन्सचं. त्यांनी गुरुवारी सकाळी दहाला यायला सांगितलं होतं. तो मंगळवारी दुपारी चारला गेला. कुणाला न कळवता. मधली शीट ओढायची ती अशी. तिथल्या प्रमुख सिस्टर डोमिटिला कुणाच्या तरी जखमेची पट्टी बदलत होत्या, मान वर करून म्हणाल्या, "गुरुवार कधी झाला?" तो म्हणाला, मी आजच आलो. "मग बघा हिंडून. मला वेळ नाही." त्याला ते आवडलं. लांब दालन, दोन्हीकडे पलंग, फिनेलचा वास आणि त्याच्या खाली थोडा मुताचाही. तोही आवडला, कारण अजिबात वास नसता तर त्याने संशय घेतला असता. पेले हाताशी. घंटेची दोरी उशीला बांधलेली. फरशी खडबडीत. पेजेबरोबर हिरवे मूग आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. त्याने चमचाभर मागून चाखली, मीठ बरोबर होतं. नखं कापलेली. सगळ्यांची. तो पलंगापलंगाशी वाकून हात बघत चालला होता, आणि ओळीच्या बरोबर मधल्या पलंगावरची एक वाळकी, चष्मेवाली बाई त्याला म्हणाली, "ए मोने, पोरा, गाय घ्यायला आलायस काय? दात बघायचेत? थांब, काढूनच देते." आणि तिने खरोखर कवळी काढून हातावर ठेवली. आजूबाजूच्या चार म्हाताऱ्या खिदळल्या. कुरुविळा लाजेने लाल झाला.

तिचं नाव अन्नकुट्टी टीचर. गणित शिकवायची. कवळी परत बसवून ती म्हणाली, "कुणाला आणायचीय? बायकोला?"

"बहिणीला. मोठ्या."

"बहिणीला!" तिने चष्मा वर केला. "बहिणीसाठी भाऊ येताना मी पहिल्यांदाच बघतेय. सुना येतात. सुना फार बारकाईने बघतात हो, पंखे बिंखे. मग विचार ना, काय विचारायचंय?"

"इथे मारतात का?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"वजन वाढलं माझं."

"मग वाईट काय आहे?"

टीचरने चष्मा काढून चादरीला पुसला. मग म्हणाली, "वाईट काही नाही रे. संध्याकाळ तेवढी लांबते." आणि उशीखालून एक शिळा केळ्याचा वेफर काढून त्याला खायला दिला.

प्रवेशाचा फॉर्म सिस्टरच्या कपाटात, आणि सिस्टर तिसऱ्या मजल्यावर. थांबता थांबता साडेसहा झाले. भेटीची वेळ पाचलाच संपलेली, पण त्याला कुणी हटकलं नाही. येशूच्या तसबिरीपुढचा लाल दिवा लागला, चालता येणाऱ्या आणि चाकाच्या खुर्चीवरच्या अशा चाळीसएक जणांना दालनाच्या टोकाशी आणून बसवलं, आणि प्रार्थना सुरू झाली. घरच्याच चालीत, घरच्याच घाईत, मधेच कुणाचा तरी खोकला, कुणाची झोप. कुरुविळा मागे गुडघे टेकू शकला नाही म्हणून उभाच राहिला आणि त्याचे ओठ आपोआप हलू लागले. घरी या वेळी चेची मधल्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसलेली असेल. त्यांच्या घरात, त्यांच्या सगळ्यांच्याच घरांत, प्रार्थना संपली की धाकट्याने उठायचं, थोरल्यासमोर जायचं, जोडलेले हात त्याच्या ओंजळीत द्यायचे आणि म्हणायचं, "येशू मशीहाला स्तुती असो." थोरल्याने म्हणायचं, "सदासर्वदा असो." मग त्याहून धाकट्याने. दिवसाचं भांडण असो, अबोला असो, त्या वेळी हात द्यावेच लागतात. चेचीला नाव आठवत नव्हतं, जेवण झालं की नाही ते आठवत नव्हतं, पण हात पुढे गेले की तिचं 'सदासर्वदा असो' कधी चुकलं नव्हतं. चोवीस तासांत तेवढा एकच क्षण तो दूधवाला नसायचा, डॉक्टर नसायचा, तिच्याहून धाकटा असायचा. इथे प्रार्थना संपली आणि कुणी हललं नाही. सगळे सारखेच थोरले, कोण कुणाला देणार? अशी ती स्तुतीवाचूनची शांतता त्याने जन्मात ऐकली नव्हती. त्याला ती सोसवेना. त्या दालनात तो सदुसष्ट वर्षांचा माणूस सगळ्यांत धाकटा होता. विचार बिचार न करता, पाय आपोआप जावेत तसा तो पुढे गेला आणि अन्नकुट्टी टीचरच्या ओंजळीत आपले हात दिले. "येशू मशीहाला स्तुती असो."

टीचरचं तोंड एकदम बदललं. तिने उत्तर दिलं, पण हळू, त्याच्याकडे न बघता. आणि मग शेजारचे हात पुढे आले. त्याच्या शेजारचे. पलीकडच्या रांगेतले. थरथरणारे, सुजलेले, सुई टोचून निळे पडलेले, चाळीस ओंजळी, सगळ्या त्याच्याकडे. एकाला देऊन दुसऱ्याला कसं वगळायचं? तो एकेकासमोर वाकत गेला, कमर ठणकत होती, आणि कुणी रडत होतं, कुणी त्याच्या डोक्यावर क्रूस करत होतं. खुर्चीवरचा औसेप्प नावाचा एक म्हातारा हातच सोडेना. "तंकच्चन, आलास?" तो म्हणाला. "पेटी कुठंय तुझी? जेवलास का?" कुरुविळाने 'मी तो नव्हे' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "जेवलो." म्हातारा मोठ्याने रडू लागला.

सिस्टर डोमिटिला जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी त्याला हाताला धरून ऑफिसात नेलं, दार लोटलं आणि रागाने त्यांचा आवाज फाटला. "कुणी सांगितलं तुम्हाला? ही सवय मोडायला मला दोन वर्षं लागली, कळलं? सुरुवातीला आम्हीच स्तुती द्यायचो. मग ते रात्रभर दाराकडे बघत बसायचे, आता थोरला मुलगा येईल, आता धाकटा येईल. औसेप्प-चेट्टन तीनदा फाटकाबाहेर गेले. म्हणून बंद केली. आता उद्या साडेसहाला हे सगळे हात पुढे करून बसतील. उद्या येणार आहात तुम्ही? परवा?" कुरुविळा मान खाली घालून उभा राहिला, शाळेत उभा राहावा तसा. सिस्टरचं चुकत नव्हतं हो. तेच तर होतं. ती वाईट बाई असती तर तो फॉर्म फाडून निघून आला असता. थोड्या वेळाने सिस्टरच म्हणाल्या, "एक पलंग सोमवारी रिकामा होतोय. तुमच्या बहिणीचं नाव लिहू का? नाहीतर मागे अकरा जण आहेत." त्याने जोजीची यादी खिशातल्या खिशात चाचपली. या ठिकाणाला पन्नासपैकी सेहेचाळीस पडले असते. त्याने उजेडात धरून बघितलं होतं, शीट स्वच्छ होती. तो म्हणाला, "लिहा."

घरी पोचला तेव्हा आठ वाजत आले होते. लीलाम्मा दारातच. "फोन तरी उचलायचा! साडेसहापासून ती तशी बसलीय. पेज घेत नाही, हात खाली करत नाही. मी दिले हात, तर मला ढकललं." मधल्या खोलीत चेची वेताच्या खुर्चीवर ओंजळ पुढे धरून बसली होती. कोपरं भरून आली असतील, दंड थरथरत होते. त्याने चपलाही काढल्या नाहीत. तिच्या ओंजळीत हात दिले, ती दोन चपटी बोटं त्याच्या मनगटाला लागली. "सदासर्वदा असो," ती म्हणाली, आणि मग लगेच, "कोण आलंय?"

त्या रात्री अंथरुणावर त्याला लख्ख दिसलं ते एवढंच, की सोमवारी साडेसहाला ती तिथे अशीच बसेल. मंगळवारी बसेल. दोन वर्षं बसेल. मग केव्हातरी परक्या बायका तिची सवय मोडतील. त्यापेक्षा आपण मोडावी. आपल्या हाताने, आपल्या घरात, पाच दिवस आहेत. हे त्याला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं, दयेचंसुद्धा वाटलं. लीलाम्माला सांगितलं तर ती उठून बसली. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? दारूची सवय आहे का ती मोडायला?" तो म्हणाला, "मग तू ये रोज टेकडीवर." ती कूस वळवून पडली आणि बराच वेळ तिची पाठ हलत राहिली.

बुधवारी प्रार्थना संपली, चेचीने ओंजळ पुढे केली, आणि कुरुविळा आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून भिंतीशी बसून राहिला. तो घड्याळाकडे बघत होता. एकवीस मिनिटांनी तिचे हात खाली आले. गुरुवारी पंधरा. शुक्रवारी तिने मधेच एकदा विचारलं, "मोनिच्चन आला नाही का अजून शाळेतून?" आणि त्याला वाटलं आता उठावं, मरू दे सगळं, पण त्याने दात आवळले. आजच उठलो तर आधीचे दोन दिवस तिला उगीच छळलं असं होईल. माणूस स्वतःशी काय काय हिशेब घालतो! शनिवारी हात आलेच नाहीत. ती लाल दिव्याकडे बघत बसली आणि पेज भरवली तेवढी खाल्ली. झालं. जमलं. पेढीवर एखादा मोठा गठ्ठा निकालात काढल्यावर वाटायचं तसं समाधान त्याला क्षणभर वाटलं, आणि त्या समाधानाचीच त्याला मागाहून इतकी किळस आली की त्याने उठून चूळ भरली.

रविवारी लीलाम्माने पेटी भरली. चेचीचे अंगात घालायचे चार चट्टा-मुंडू जोड, पांढरेशुभ्र, प्रत्येकावर निळ्या दोऱ्याने नाव घातलेलं. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. जपमाळ. पाठीला लावायचं तेल. अप्पनचा एक फोटो, तो ठेवावा की नाही यावर दोघांचं थोडं वाजलं, शेवटी ठेवला. सोमवारी सकाळी नऊला गाडी. जोजीने फोनवर विचारलं, "किती गुण पडले?" कुरुविळाने सेहेचाळीस सांगितले. "बघा, निघाला ना मार्ग," पोरगा म्हणाला. "चेची-आम्मा..." असं काहीतरी तो पुढे म्हणायला लागला, पण लाईन गेली.

त्या संध्याकाळी साडेसहाला लाल दिवा लागला. लीलाम्माने प्रार्थना म्हटली, आज घाई न करता, एकेक ओळ. संपली. खोलीत ती शांतता आली, टेकडीवरची. कुरुविळा भिंतीशी, हात मांड्यांखाली. चेचीच्या ओंजळीकडे त्याने बघितलं. ती मांडीवर शांत पडली होती. मग चेची खुर्चीत हलली. तिने खुर्चीचा दांडा धरला, उठायचा प्रयत्न केला, लीलाम्मा धावली, पण चेचीने तिला बाजूला केलं आणि अर्धवट वाकून, अर्धवट घसरत, तिने ती दोन पावलं कशी काढली देव जाणे. ती त्याच्यासमोर आली. तिच्या तोंडावर भीती होती, लहान पोरीच्या तोंडावर असते तशी, काहीतरी चुकलंय आणि काय चुकलंय ते कळत नाही अशी. "अप्पा, रागावलात का?" ती म्हणाली. "मोनिच्चनला मारू नका. त्याने नाही फिरवलं. चाक आपोआप घसरलं." आणि तिने आपले हात जोडले. जोडताना ती दोन बोटं दुसऱ्या हाताला नीट चिकटत नव्हती, तिने ती डाव्या हाताने दाबून सरळ केली आणि जोडलेले हात त्याच्यापुढे धरले.

"येशू मशीहाला स्तुती असो, अप्पा."

लीलाम्मा तोंडात पदर कोंबून उभी होती. चेची वाट बघत होती. ती आता पडणार होती, आणि पडली असती तर तिला उचलणारं त्या घरात कुणी नव्हतं. कुरुविळाने मांड्यांखालून हात काढले. मुंग्या येऊन ते बधिर झाले होते. त्याने ओंजळ केली, तिचे हात तीत घेतले आणि घरात दुसरं कुणी थोरलं उरलं नव्हतं म्हणून त्यानेच म्हटलं, "सदासर्वदा असो."